‘ॲप उघडंना गेलंय’: जुन्या फोनचा सपोर्ट नेमका कुठं संपला, ते ओळखायचं कसं

ऑगस्ट लागला की आमच्या परभणी जिल्ह्यात मोबाईल रिपेअरिंगच्या काउंटरवर एकच तक्रार सुरू होते: “भाऊ, ॲप उघडंना गेलंय.” ई-पीक पाहणीची, म्हणजे मोबाईलवरून पिकाची नोंद करायची, मुदत डोक्यावर आलेली असते, सोयाबीन फुलात असतं, आणि प्ले स्टोअर म्हणतं, ‘युवर डिव्हाईस इजन्ट कंपॅटिबल विथ धिस व्हर्जन’. कधी ई-पीकच्या जागी व्हॉट्सॲप असतं, कधी बँकेचं ॲप, कधी अंगणवाडीतल्या ताईंचं पोषण ट्रॅकर. माणूस आधी गावातल्या दुकानात जाऊन आलेला असतो. तिथं त्याला एकच उपाय मिळालेला असतो: फॉरमॅट मारा.

मी हेच काम करतो, म्हणून स्पष्ट लिहितो. सपोर्ट संपलेल्या, म्हणजे फोन कंपनीनं, गुगलनं किंवा ॲपवाल्यानं साथ सोडलेल्या फोनला फॉरमॅट मारून काहीही मिळत नाही. उलट जे कसंबसं चालू होतं तेही जातं. फोनमध्ये आधीपासून बसलेलं जुनं व्हर्जन बऱ्याचदा अजून काही महिने चालतं. फॉरमॅट केल्यावर मात्र ते पुसलं जातं, आणि प्ले स्टोअर तेच जुनं व्हर्जन परत देईल याची खात्री नसते. मग रिकामा, स्वच्छ आणि निरुपयोगी फोन हातात राहतो.

त्यात दुसरी गोची जीमेलची. अँड्रॉइड ५.१ पासून गुगलनं असं कुलूप बसवलंय की फोन बाहेरून, म्हणजे बटणं दाबून रिसेट केला, तर सुरू होताना आधीचाच जीमेल आणि पासवर्ड मागतो. आता आपल्याकडं जीमेल कोण बनवतो? फोन विकणारा पोरगा. नाव, आडनाव, पुढं जन्मसाल टाकून तो दोन मिनिटांत आयडी काढतो, पासवर्ड कुठंही लिहीत नाही, आणि मामा फोन खिशात घालून गावाकडं निघतात. पाच वर्षांनी त्या पासवर्डचा पत्ता ना मामांना असतो ना त्या पोराला. म्हणून फोन चालू आहे तोवरच सेटिंगमध्ये अकाउंट्सच्या खाली कोणता जीमेल आहे तो कागदावर उतरवून घ्या. रिकव्हरीला चालू मोबाईल नंबर आहे का बघा. पासवर्ड आठवत नसेल तर आत्ताच बदला. बदलल्यावर लगेच रिसेट करू नका, गुगल स्वतःच २४ तास थांबायला सांगतं.

आता मूळ तपासणी.

सगळ्यात आधी तारीख बघा. हसू नका. बॅटरी पूर्ण उतरून फोन दोन-चार दिवस पडून राहिला की जुन्या फोनची तारीख मागं जाते, आणि मग प्रत्येक वेबसाईट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडवते. माणसाला वाटतं सपोर्ट संपला. तारीख-वेळ ऑटोमॅटिकवर टाकली की काम झालं. दुसरं म्हणजे जागा. १६ जीबीच्या फोनमध्ये शुभ सकाळच्या फुलांनी आणि लग्नाच्या व्हिडिओंनी जागा खाल्लेली असेल, तर ॲप अपडेट होत नाही, आणि अपडेट न झालेलं ॲप ‘नवीन व्हर्जन घ्या’ म्हणून आत येऊ देत नाही. याचा सपोर्टशी संबंध नाही. दोन-तीन जीबी मोकळे करून परत बघा.

हे दोन्ही ठीक असेल तर फोनचं अँड्रॉइड व्हर्जन बघा: सेटिंग, मग ‘अबाऊट फोन’ किंवा ‘फोनबद्दल’, मग अँड्रॉइड व्हर्जन. इथं हमखास एक घोटाळा होतो. रेडमीवाला सांगतो, “माझं अकरा हाय.” बघितलं तर ते मीयूआय ११ असतं, आणि खाली अँड्रॉइड ७. मीयूआय हे शाओमीनं वरून चढवलेलं रूप, त्याचा आकडा वेगळा. सॅमसंगचं वन यूआयही तसंच. ॲपला मतलब असतो तो फक्त अँड्रॉइडच्या आकड्याशी. त्याच पानावर ‘सिक्युरिटी पॅच’ म्हणून तारीख दिसते, तीही टिपून ठेवा. ती २०१९ किंवा २०२० ची असेल, तर कंपनीनं त्या फोनकडं कधीच पाठ फिरवली आहे असं समजा.

कारण ‘सपोर्ट’ या एका नावाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात, आणि त्या एकाच दिवशी संपत नाहीत. फोन कंपनी नवं अँड्रॉइड द्यायचं थांबवते. त्यानंतर कधीतरी सिक्युरिटी पॅच थांबतात. त्याच्याही बऱ्याच नंतर गुगलच्या स्वतःच्या गोष्टी, म्हणजे प्ले सर्व्हिसेस आणि क्रोम, त्या व्हर्जनला सोडून देतात. आणि प्रत्येक ॲपवाला आपली किमान अट आपल्या सोयीनं ठरवतो. म्हणून एकाच फोनवर व्हॉट्सॲप मजेत चालतं आणि बँकेचं ॲप बसतच नाही. तुमच्या फोनचं यातलं काय संपलंय ते कळलं की निम्मा त्रास वाचतो.

व्हॉट्सॲपपासून सुरू करू, कारण रडारड त्याचीच जास्त. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांनी अँड्रॉइड ४.०.४ आणि त्याखालचे फोन सोडले. ऑक्टोबर २०२३ मध्ये अट अँड्रॉइड ५ वर नेली. म्हणजे ४.४ किटकॅटवाले मायक्रोमॅक्स, कार्बन, जुने मोटो सगळे बाहेर. आयफोनला मे २०२५ पासून आयओएस १५.१ लागतं, त्यात ५एस, ६ आणि ६ प्लस गेले. जिओफोनचं तर वेगळंच दुःख. २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सॲप आलं तेव्हा गावोगावी म्हाताऱ्या माणसांनी तो घेतला. जून २०२४ पासून त्याच्या स्टोअरवर नव्यानं डाउनलोड करणं बंद झालं. तो रिसेट करून परत व्हॉट्सॲप टाकून देतो असं कुणी म्हणालं, तर पैसे देऊ नका.

व्हॉट्सॲप बंद पडण्याआधी ते सहसा स्क्रीनवर इशारा देतं. तो दिसला की चॅटचा बॅकअप घ्या, नवा फोन येईपर्यंत थांबू नका. दोन्ही फोन अँड्रॉइड असतील आणि जुन्यावर ॲप अजून उघडत असेल, तर सेटिंगमधल्या ‘चॅट्स’मध्ये ‘ट्रान्सफर चॅट्स’ आहे. क्यूआर कोड दाखवला की गुगल ड्राइव्हशिवाय थेट फोनातून फोनात सगळं जातं. ड्राइव्हचा बॅकअप हल्ली गुगलच्या १५ जीबीतच मोजला जातो, त्यामुळं ज्यांचा जीमेल फोटोंनी भरलाय त्यांचा बॅकअप गुपचूप अडकून बसलेला असतो. शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे हे डोळ्यांनी बघा.

आणि जीबी व्हॉट्सॲप नको. “जुन्या फोनवर पण चालतंय की” असं सांगून ते टाकून देणारे प्रत्येक तालुक्यात आहेत. ते व्हॉट्सॲपचं नाही, त्यावर अकाउंट बॅन होतं, आणि तुमचे मेसेज कुणाच्या हातात जातात ते देव जाणे. कुठून तरी जुनं एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून टाकायची ॲपची फाइल, आणून टाकण्यातही तसाच अर्थ नाही. व्हॉट्सॲपच्या प्रत्येक व्हर्जनला मुदत असते, ती संपली की ते उघडतच नाही.

एपीकेचा विषय निघालाच आहे तर सांगतो, यात सपोर्टपेक्षा मोठा धोका आहे. ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलन’ अशा नावाच्या एपीके फाइली व्हॉट्सॲपवर फिरतात. ज्याच्या फोनवर खरं ॲप बसत नाही तो माणूस हीच फाइल आधी दाबतो, कारण त्याला वाटतं चला, कुणीतरी जुन्या फोनसाठी सोय केली. ती फाइल एसएमएस वाचते, ओटीपी उचलते आणि खातं रिकामं होतं. दाबली गेली असेल तर आधी नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० ला फोन लावा.

आता जरा आतलं, कारण याची तक्रार वाढत चाललीय आणि फार कमी दुकानांत ती नीट ओळखली जाते: ॲप उघडतं, पण पांढराफटक पडदा येतो. किंवा लॉगिनपर्यंत जातं आणि पुढं फिरत राहतं. बऱ्याच ॲपच्या पोटात खरं तर वेबसाईटच असते, आणि ती दाखवायचं काम ‘अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू’ नावाचा भाग करतो. अँड्रॉइड ७, ८ आणि ९ वर हे काम क्रोमच करतो. आता क्रोमचा हिशोब बघा. अँड्रॉइड ६ वर तो १०६ व्या व्हर्जनला थांबला. अँड्रॉइड ७ वर ११९ ला, २०२३ च्या शेवटी. अँड्रॉइड ८ आणि ९ वर १३८ ला, २०२५ मध्ये. त्यापुढच्या क्रोमला अँड्रॉइड १० लागतं. वेबसाईट बनवणारे नव्या क्रोमवर तपासून मोकळे होतात, आणि जुन्यावर काही महिन्यांनी पान मोडायला लागतं.

म्हणून पांढरा पडदा दिसला की प्ले स्टोअरमध्ये क्रोम आणि वेबव्ह्यू दोन्ही शोधून अपडेटचं बटण आहे का बघा. कित्येकदा जागा वाचवायला कुणीतरी क्रोम ‘डिसेबल’ करून ठेवलेला असतो. तो परत चालू केला, अपडेट केला की बँकेचं ॲप सुतासारखं सरळ. पण अपडेटचं बटणच नसेल, आणि अँड्रॉइड ९ किंवा त्याखालचं असेल, तर तिथं कुणाच्याच हातात काही नाही. तेवढ्यापुरतं ॲप सोडून तीच साईट फायरफॉक्समध्ये उघडून बघा. फायरफॉक्स स्वतःचं इंजिन आणतो, क्रोमवर अवलंबून राहत नाही.

अँड्रॉइड ७.१.१ च्या खालच्या फोनांना आणखी एक जुनाट दुखणं आहे. तारीख बरोबर असूनही अनेक साईट ‘सुरक्षित नाही’ म्हणतात. साईट खरी आहे हे ओळखण्यासाठी फोनमध्ये मूळ प्रमाणपत्रांची यादी असते. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था जगभरातल्या असंख्य साईटना फुकट प्रमाणपत्रं देते, आणि तिचं नवं मूळ प्रमाणपत्र या जुन्या फोनांच्या यादीत नाही. जुनं ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं. जुन्या अँड्रॉइडसाठी केलेली खास सोय २०२४ मध्ये संपली. फायरफॉक्स आधीपासून बसलेला असेल तर इथंही तोच उपयोगी पडतो, कारण तो प्रमाणपत्रांची यादी स्वतःसोबत ठेवतो; नव्या फायरफॉक्सला मात्र २०२५ पासून अँड्रॉइड ८ लागतं. मात्र अशा फोनवर ‘तरीही पुढं जा’ दाबून बँकेच्या पानावर पासवर्ड टाकू नका.

कोणते फोन आत आणि कोणते बाहेर, हे लोक नावानं विचारतात, म्हणून नावानंच सांगतो. रेडमी नोट ४, जो २०१७ मध्ये आपल्याकडं धो धो खपला, तो अँड्रॉइड ६ वर आला आणि कंपनीकडून ७ वर थांबला. बॅटरी अजून तगडी, म्हणून शेतात वापरणारे कितीतरी लोक दिसतात. व्हॉट्सॲप चालतं, क्रोम मात्र २०२३ ला थिजलं. नोट ५ प्रो ९ पर्यंत गेला, म्हणजे त्याचं क्रोम २०२५ ला थांबलं. एमआय ए१ चंही ९ वरच थांबलं. सॅमसंगचा २०१५ चा जे२ अँड्रॉइड ५.१ आणि १ जीबी रॅम घेऊन आला, त्यावर आता फोन करणं आणि फोन घेणं एवढंच धरा. गॅलेक्सी ए५१ १३ पर्यंत पोचलाय, म्हणून तो अजून बऱ्यापैकी सुखात आहे. एस२१ ला १५ मिळालं आणि तिथं त्याची गाडी थांबली.

आयफोनचं गणित सोपं, कारण ॲपल दरवर्षी यादी लावतं. २०२२ च्या आयओएस १६ नं ६एस आणि ७ वगळले, २०२३ च्या १७ नं ८ आणि एक्स, २०२५ च्या २६ नं एक्सआर आणि एक्सएस. (१८ नंतर थेट २६ आलं, मधले आकडे शोधत बसू नका.) लातूरला शिकायला गेलेल्या पोरांमध्ये सेकंडहँड आयफोनची हौस दांडगी. ‘एक्सआर बाद झाला का’ विचारतात. नवं आयओएस त्याला मिळणार नाही, पण व्हॉट्सॲप, यूपीआय सगळं १८ वर चालतं. पाच-सहा हजारांत ६ घेऊ नका एवढंच. ६एस आणि ७ अजून १५ वर असल्यामुळं काठावर आहेत.

हे सगळं कंपन्या मुद्दाम करतात का? हा प्रश्न काउंटरवर रोज येतो. थोडं हो, थोडं नाही. फोनमधली चिप ज्या कंपनीची, तिनं नव्या अँड्रॉइडसाठी ड्रायव्हर दिले नाहीत तर फोन कंपनीला अपडेट बनवणं अवघड जातं. ही अडचण कमी व्हावी म्हणून गुगलनं २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ सोबत प्रोजेक्ट ट्रेबल आणलं, आणि २०२० च्या शेवटी क्वालकॉमनं गुगलसोबत नव्या चिपांना जास्त वर्षं साथ द्यायचं जाहीर केलं. त्यानंतरच पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ ला सात-सात वर्षांचं वचन मिळालं. पण हे वचन महाग फोनांना. आपल्याकडं आठ-दहा हजारांचा फोन खपतो, आणि त्याला बऱ्याचदा मोजून एक-दोन अपडेट मिळतात. ज्याला फोन सात वर्षं पुरवून वापरायचाय त्यालाच सगळ्यात कमी वर्षांचा सपोर्ट, हे मला पटत नाही. चिपचं कारण इथं अर्धंच लागू पडतं. बाकीचा अर्धा हिशोब पुढचा फोन विकण्याचा असतो.

सरकारी कामांबद्दल स्वतंत्रपणे, कारण तिथं माणूस ॲप बदलू शकत नाही. ई-पीक पाहणीला तुमचाच फोन लागतो असा गैरसमज फार आहे. २०२१ पासून ही योजना चालू आहे आणि एका मोबाईलवरून एकापेक्षा जास्त खातेदारांची पाहणी नोंदवता येते. भावकीतल्या, शेजारच्या बांधावरच्या कुणाचा नवा फोन असेल तर तो घेऊन आपल्या गटात उभं राहून फोटो काढा. तेवढं न जमल्यास गावासाठी नेमलेल्या सहायकाला किंवा तलाठ्याला मुदतीच्या आत गाठा. ॲप उघडतंय पण लोकेशनच घेत नाही, अशी तक्रार असेल तर तो सपोर्टचा प्रश्न नसतो. लोकेशनची परवानगी ‘अचूक’वर ठेवा, झाडाखालून उघड्यावर या, आणि जुन्या फोनला जीपीएस पकडायला दोन-तीन मिनिटं द्या. वैतागून ॲप काढून परत टाकण्यात जाणारा दिवस वाचेल.

अंगणवाडी ताईंची बाजू मात्र वेगळी. २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले होते, तेव्हा २ जीबी रॅमचे, तापणारे, अडकणारे फोन ही त्यांची मोठी तक्रार होती. ती रास्तच होती. अँड्रॉइड १३ पासून हलक्या ‘गो’ आवृत्तीलाही किमान २ जीबी रॅम लागते, म्हणजे जिथं फोनची कमाल होती तिथं आता नुसती उंबरठ्याची अट आहे. असा फोन वापरायचाच असेल तर त्यावर फक्त कामाचं ॲप ठेवा, आणि फेसबुक, गेम, दुसरा कीबोर्ड सगळं काढून टाका. तरी पांढरा पडदा आला तर वर लिहिलेली क्रोमची तपासणी करा, आणि तेही होत नसेल तर पर्यवेक्षिका मॅडमना अँड्रॉइड व्हर्जनच्या पानाचा फोटो पाठवा. ‘ॲप चालत नाही’ या शब्दांपेक्षा तो फोटो वर सरकतो.

फक्त पैशाचं काम अडलं असेल तर नवा फोन घेईपर्यंत *९९# डायल करून पैसे पाठवायची सोय आहे. कोणत्याही फोनवर, नेट नसतानाही चालतं, एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत. कीपॅड फोनसाठी यूपीआय १२३पे आहे.

हौशी पोरं यावर कस्टम रॉमचा, म्हणजे कंपनीचं अँड्रॉइड काढून बाहेरचं टाकायचा, उपाय सांगतात. लिनिएजओएस टाकून नोट ४ वर नवं अँड्रॉइड खरंच चालतं, मी चालवून दिलंय. पण त्यासाठी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या भागाचं कुलूप, उघडला की गुगलची तपासणी फोनला नापास करते आणि कित्येक बँकांची, यूपीआयची ॲप आत घेत नाहीत. फोन गाणी, यूट्यूब, पोरांच्या अभ्यासासाठी ठेवायचा असेल तर खुशाल करा. ज्यात पैसे आहेत त्यावर करू नका.

नवा किंवा सेकंडहँड घेणार असाल तर दुकानात बिलाची तारीख बघू नका, मॉडेल बाजारात कधी आलं ते बघा. सपोर्टची वर्षं तिथून मोजतात. दिवाळीच्या ऑफरमध्ये स्वस्त दिसणारा फोन दोन वर्षांपूर्वी आलेला असतो, आणि तुमचं पहिलं वर्ष संपायच्या आतच त्याची अपडेट संपतात. सेकंडहँडमध्ये अँड्रॉइड १२ च्या खाली जाऊ नका. आधीच्या मालकाचं गुगल अकाउंट तुमच्यासमोर काढून घ्या, नंतर तो सापडत नाही.

नव्या फोनात यूपीआय चालू होताना ‘व्हेरिफिकेशन फेल्ड’ येत राहिलं तर फोनला दोष देऊ नका. खात्याला जोडलेल्या सिमवरूनच एक एसएमएस जावा लागतो, आणि बहुतेकांच्या त्या सिमवर एसएमएस जाईल एवढा रिचार्जच नसतो. रिचार्ज मारा, दोन सिम असतील तर योग्य सिम निवडा, मोबाईल डेटा चालू ठेवून परत करा.